ओमानच्या गाळातली मोसमी वाऱ्याची जन्मतारीख

ओमानच्या दक्षिणेला सलाला आहे. जून सरत आला की तिथल्या धोफारच्या डोंगरांवर धुकं उतरतं, दिवसभर बुरबुर लागते आणि एरवी तापून करडे पडलेले उतार दोन-अडीच महिने हिरवे होतात. तिथे या दिवसांना ‘खरीफ’ म्हणतात. आपला ‘खरीप’ त्याच अरबी शब्दातून आलेला. आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला आंबोली आठवावी असं ते दृश्य असतं.

पण सलालाची बुरबुर आणि आंबोलीचा पाऊस यांत मोठा फरक आहे. खरीफमध्ये तिथला समुद्र चक्क थंड असतो. मे महिन्यात २८-२९ अंशांवर असलेलं किनाऱ्यालगतचं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये २२ अंशांच्याही खाली जातं. त्या गार पाण्यावर हवेचा खालचा थर थंड होतो, त्यात धुक्याचे ढग धरतात आणि ते डोंगराला टेकतात. भर उन्हाळ्यात समुद्र थंड होण्याचं कारण वारा. नैर्ऋत्य मोसमी वारा सोमालियावरून ओमानच्या किनाऱ्याला समांतर असा सुसाट वाहतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, सरकतं आणि त्याची जागा भरायला शंभर-दोनशे मीटर खालचं पाणी वर येतं. हे पाणी थंड असतं आणि नायट्रेट-फॉस्फेटनं समृद्धही. या क्षेत्रातले सगळे जण याला अपवेलिंगच म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

खत वर आलं की प्लवक फोफावतात, आणि प्लवक खाणारेही. त्या खाणाऱ्यांपैकी एका एकपेशीय जिवाच्या कवचावरून ‘मोसमी वारा ८५ लाख वर्षांपूर्वी सुरू झाला’ असा निकाल १९९१ साली दिला गेला. पाठ्यपुस्तकांत तो अजून भेटतो. तो निकाल कसा लागला, कशाच्या आधारावर टिकला आणि त्याचा कुठला भाग अजून उभा आहे, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

पाहुणा चुकीच्या ठिकाणी

त्या जिवाचं नाव ग्लोबिजेरिना बुलॉइडिस. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ द’ऑर्बिनी यांनी १८२६ साली त्याला हे नाव दिलं. फोरामिनिफेरा गटातला हा तरंगता जीव. प्रयोगशाळेत सगळे नुसतं ‘फोराम’ म्हणतात. कवच चुन्याचं, मिलिमीटरच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाएवढं. शेवटच्या वळशात चार फुगीर कप्पे आणि मधोमध मोठं उघडं तोंड. आयुष्य जेमतेम महिनाभर. मेला की कवच तळाशी जातं आणि गाळात पडून राहतं.

फोरामच्या बऱ्याच उष्णकटिबंधीय जाती आपल्या पेशीत शैवाल पाळतात आणि त्याच्यावर गुजराण करतात. बुलॉइडिसचं तसं नाही. त्याला शिकार लागते, आयतं अन्न लागतं. म्हणून तो उत्तर अटलांटिकच्या थंड, सुपीक पाण्यात भरपूर सापडतो आणि मोकळ्या उष्ण समुद्रात क्वचित. अरबी समुद्र उष्ण कटिबंधातला, तरी ओमानसमोरच्या तळगाळात मात्र या जातीची रेलचेल आहे. अपवेलिंगच्या पट्ट्यात मोजलेल्या कवचांपैकी तिसरा हिस्सा, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, एकट्या बुलॉइडिसचा भरतो. पट्ट्याबाहेर आलं की हे प्रमाण झपाट्यानं खाली येतं. १९८१ साली वॉरन प्रेल आणि विल्यम करी यांनी हा संबंध नीट मांडला: या समुद्रात बुलॉइडिसची टक्केवारी म्हणजे अपवेलिंगची खूण.

इथे एक खोच आहे, ती आधीच सांगून ठेवतो. फोरामच्या जातींच्या प्रमाणावरून जुन्या समुद्राचं तापमान काढायची संख्याशास्त्रीय पद्धत १९७१ साली इम्ब्री आणि किप यांनी बसवली होती. आजच्या तळगाळात कुठल्या तापमानाखाली कुठल्या जाती किती, याचा तक्ता करायचा आणि जुना नमुना त्यावर ताडून पाहायचा. उघड्या महासागरात ती चांगली चालते. ओमानसमोर तिला एकाच नमुन्यात उष्ण पाण्याच्या जाती आणि उत्तर अटलांटिकची आठवण करून देणारा बुलॉइडिस असे दोघे शेजारी दिसतात. आता हा बुलॉइडिस थंडीसाठी आला की जेवायला? पुढे डीएनए तपासल्यावर कळलं, की कवचावरून एकच वाटणाऱ्या या जातीत वेगवेगळे जनुकीय वाण आहेत आणि अरबी समुद्रातला वाण उबदार पाण्यातला आहे. नाव एक, घराणी वेगळी. थंड समुद्रातल्या बुलॉइडिसच्या सवयी अरबी समुद्रातल्याला लावणं म्हणजे सातारच्या पाटलांचा हिशेब खानदेशच्या पाटलांकडून मागण्यासारखं.

१९८७ ची बोरं आणि १९९१ चा निकाल

१९८७ साली ‘जॉयडेस रिझोल्यूशन’ हे वेधन-जहाज आंतरराष्ट्रीय महासागर वेधन कार्यक्रमाच्या ११७ व्या मोहिमेवर अरबी समुद्राच्या पश्चिम भागात आलं. प्रेल आणि जपानचे नोबुआकी नित्सुमा हे मोहिमेचे दोघे प्रमुख. ओमानच्या उतारावर आणि समुद्राखालच्या ओवेन कड्यावर त्यांनी बोरं घेतली, म्हणजे तळाला भोकं पाडून गाळाचे लांब नमुने वर काढले. त्यांतली दोन आपल्या कामाची: ७२३ क्रमांकाचं, सुमारे ८०० मीटर खोल पाण्यातलं, जिथे गाळ भरभर साचतो, आणि ७२२ क्रमांकाचं, ओवेन कड्यावरचं, सुमारे २,००० मीटर खोल पाण्यातलं, जिथे गाळ हळू साचला पण खूप जुना काळ हाती येतो.

ओवेन कडा निवडण्यामागे हुशारी होती. आजूबाजूच्या सखल तळावर सिंधू नदीच्या गाळाचे लोंढे येऊन पसरतात आणि वरून शांतपणे पडलेली कवचं त्यांत हरवून जातात. कडा तळापासून वर उचलला गेलेला असल्यानं त्याच्या माथ्यावर लोंढे पोहोचत नाहीत. तिथे फक्त वरून पडलेलं साचतं. पण कडा नेहमी इतका उंच नव्हता. त्याच्या खालच्या, जुन्या थरांत लोंढ्यांचा गाळ सापडतोच. म्हणजे ही वही कोऱ्या पानांनी सुरू होत नाही, आधीची पानं चिखलानं माखलेली आहेत.

डिक क्रून आणि सहकाऱ्यांनी ७२२ मधली कवचं मोजली. सुमारे ८५ लाख वर्षांपूर्वीच्या थरापर्यंत बुलॉइडिस किरकोळ होता, तिथून पुढे त्याची टक्केवारी उसळी मारून वर गेली. १९९१ साली त्यांनी लिहिलं, की मोसमी अपवेलिंगची सुरुवात तिथे झाली.

हा निकाल एकटा आला असता तर इतका गाजला नसता. त्याला दोन जोडीदार मिळाले. १९८९ साली क्वेड, सर्लिंग आणि बोमन यांनी उत्तर पाकिस्तानातल्या शिवालिक थरांतल्या जुन्या मातीतला कार्बन तपासून दाखवलं होतं, की सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी तिथल्या वनराईची जागा सी-४ प्रकारच्या गवतांनी घेतली. सी-४ म्हणजे ज्वारी-मक्याच्या कुळातली, उन्हाळी पावसावर वाढणारी गवतं. त्यांनी या बदलाला मोसमी हवामानाचा उदय म्हटलं. १९९३ साली मोल्नार, इंग्लंड आणि मार्टिनो यांनी मांडणी केली, की तिबेटचं पठार ८० लाख वर्षांच्या सुमारास भराभर उंचावलं आणि उंच पठार तापल्यामुळे मोसमी वारा बळावला.

तिवई तयार झाली. समुद्रात कवच, डोंगरपायथ्याला गवत, वर पठार. तिघांची तारीख एक.

मला या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा क्षण हाच वाटतो. तिघांपैकी प्रत्येकाच्या पुराव्यात कच्चे दुवे होते आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलेही होते. पण प्रत्येक शोधनिबंधात उरलेल्या दोघांचा हवाला येऊ लागला, आणि वाचणाऱ्याला तीन स्वतंत्र साक्षी ऐकल्याचा भास होऊ लागला. गावच्या पंचायतीत तीन साक्षीदार एकमेकांकडे बघत मान डोलवतात, तसं ते झालं.

मोजणीच्या टेबलावर

साक्षी तपासायच्या तर मोजणीपासून सुरुवात करावी लागते. गाळाचा तुकडा पाण्यात भिजवायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा. चिकणमाती वाहून जाते, वाळूसारखी कवचं उरतात. ती वाळवून दीडशे मायक्रॉनच्या आसपासच्या चाळणीनं पुन्हा चाळायची, विभाजकानं अर्धी-अर्धी करत तीनेकशे कवचं उरतील इतका वाटा घ्यायचा, काळ्या ताटलीत पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यात बारीक ब्रशचं टोक ओलं करून एकेक कवच उचलायचं. उचललेलं कवच चौकटी आखलेल्या पट्टीवर डिंकानं चिकटवायचं. या कामाला सगळे ‘पिकिंग’ म्हणतात. दिवसाला दोन-तीन नमुने झाले तरी पाठ बोलायला लागते.

मी विद्यार्थी असताना केलेल्या पहिल्या पन्नासेक नमुन्यांत बुलॉइडिस म्हणून लावलेली बरीच कवचं ग्लोबिजेरिना फाल्कोनेन्सिसची निघाली. दोघं जुळ्या भावांसारखे. फाल्कोनेन्सिसच्या तोंडावर एक पातळ ओठ असतो, एवढाच काय तो चटकन दिसणारा फरक, आणि ओठ तुटलेला असेल तर तोही नाही. ही चूक निव्वळ नावाची नाही. अरबी समुद्रात फाल्कोनेन्सिसचा संबंध हिवाळी, ईशान्य मोसमी वाऱ्याशी लावतात. म्हणजे मी उन्हाळी वाऱ्याच्या खात्यात हिवाळ्याचे पैसे जमा करत होतो. सगळ्या पट्ट्या पुन्हा बघाव्या लागल्या.

ओळख बरोबर आली तरी आकडा ढिलाच असतो. ३०० कवचांत ९० बुलॉइडिस म्हणजे ३० टक्के. पण निव्वळ निवडीच्या योगायोगानं खरं प्रमाण २५ ते ३५ मध्ये कुठेही असू शकतं. आलेखातल्या चार-पाच टक्क्यांच्या चढउतारावर गोष्ट रचणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

दुसरी अडचण टक्केवारीची स्वतःची. टक्केवारी वाढली म्हणजे बुलॉइडिस वाढले असं नाही. बाकीचे घटले तरी ती वाढते. शिवाय कवचं विरघळतात. अपवेलिंगखालच्या गाळात सेंद्रिय पदार्थ भरपूर, तो कुजताना गाळातलं पाणी आम्लधर्मी होतं, आणि बुलॉइडिसचं कवच जरा नाजूक. समजा ९० पैकी ४५ विरघळली आणि बाकीच्या जातींची २१० कवचं शाबूत राहिली, तर ३० टक्क्यांचे साडेसतरा होतील. वारा तोच, उत्पादकता तीच, आकडा मात्र जवळपास निम्मा. जिथे उत्पादकता जास्त तिथेच ही झीज जास्त, हे दुखणं आणखी वाईट. यावर उपाय म्हणजे टक्केवारीबरोबर दर चौरस सेंटिमीटरला दर हजार वर्षांत किती कवचं पडली हे काढणं; पण त्यासाठी गाळाचं वय चोख लागतं. ७२२ च्या बाबतीत ८५ लाख हा आकडा ज्या कालमापनावर बसवला होता ते पुढे नव्वदच्या दशकातच सुधारलं गेलं. दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर फार जीव लावू नये.

एवढं सगळं सांगूनही उसळी खरी आहे. किरकोळ प्रमाणापासून ठळक प्रमाणापर्यंतची झेप झिजेनं किंवा योगायोगानं येत नाही. हा भाग मी मान्य करून पुढे जातो.

गोव्यातला सापळा

बुलॉइडिस आज खरोखर मोसमी वाऱ्याबरोबर वाढतो का, हे बघायला जिवंत समुद्रात मोजावं लागतं. ते काम गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं हॅम्बुर्ग विद्यापीठाबरोबर केलं. १९८६ पासून अरबी समुद्राच्या पश्चिम, मध्य आणि पूर्व भागांत दोरखंडांवर शंकूच्या आकाराचे सापळे टांगले गेले. वरून पडणारा कण न् कण त्यांत साचायचा आणि ठरावीक दिवसांनी बाटली आपोआप बदलायची. आर. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की खोल समुद्रात पडणाऱ्या कणांचा ओघ मोसमाबरोबर वाढतो-घटतो. १९९२ साली करी, ऑस्टरमन, एम. व्ही. एस. गुप्ता आणि इट्टेकोट यांनी त्याच बाटल्यांतले फोराम मोजले. पश्चिमेकडच्या सापळ्यात नैर्ऋत्य मोसमात बुलॉइडिसचा लोंढा आला.

१९९१ चा निकाल खऱ्या अर्थानं उचलून धरला तो या बाटल्यांनी. तिबेट नि शिवालिकपेक्षा मला हा आधार कितीतरी मोलाचा वाटतो. पण त्यांनीच एक मर्यादाही दाखवली. कणांचा ओघ हिवाळ्यातही वाढतो, कारण उत्तरेच्या कोरड्या थंड वाऱ्यानं वरचं पाणी जड होऊन खाली घुसळतं आणि त्या घुसळणीतही खत वर येतं. म्हणजे तळगाळातली सुपीकता दोन ऋतूंची बेरीज असते. बुलॉइडिसच्या वाट्याला उन्हाळा जास्त, पण सगळा उन्हाळा नाही.

तापमान काय म्हणतं

८५ लाख वर्षांपूर्वी अपवेलिंग सुरू झालं असेल तर अन्नाबरोबर थंडीही वर आली पाहिजे. तिथे त्या काळी समुद्र थंड झाला का? या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली.

कवचातल्या ऑक्सिजनचं वजनदार समस्थानिक, ऑक्सिजन-१८, पाणी थंड झालं की वाढतं. पण ध्रुवांवर बर्फ साठलं की समुद्रातही ते वाढतं, आणि क्षारता बदलली तरी बदलतं. एक आकडा, तीन कारणं. मॅग्नेशियम-कॅल्शियमचं गुणोत्तर जास्त सरळ आहे: तापमान एक अंशानं वाढलं की कवचातलं मॅग्नेशियम साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. मात्र लाखो वर्षं मागे गेलं की समुद्राच्या पाण्यातलंच मॅग्नेशियम वेगळं होतं, तेव्हा मोजपट्टीच सरकते. शिवाय बुलॉइडिसचं कवच बुलॉइडिसच्या ऋतूचंच तापमान सांगणार. तो जुलैत जन्मला तर मे महिन्याबद्दल त्याला काय विचारायचं? मेबद्दल विचारायचं ग्लोबिजेरिनॉइडिस रूबरला, जो वरच्या उबदार थरात शैवाल पाळून राहतो. दोघांच्या तापमानातली तफावत हीच अपवेलिंगची खरी मोजणी ठरेल. अलीकडे एकेक सुटं कवच वेगळं तपासून ऋतूंमधला फरक काढण्यापर्यंत तंत्र पोहोचलं आहे; गेल्या २०,००० वर्षांच्या अरबी समुद्रावर ते वापरलंही गेलं.

७२२ साठी वापरला गेला तो आणखी वेगळा साक्षीदार. कॉकोलिथोफोर नावाचं शैवाल अल्किनोन नावाचे मेदरेणू बनवतं. पाणी गार असेल तसे त्या रेणूंतले दुहेरी बंध वाढतात. शैवाल मेलं तरी रेणू गाळात लाखो वर्षं टिकतात. योंगसोंग हुआंग, क्लेमेन्स, प्रेल आदींनी २००७ साली ओवेन कड्यावरच्या गाळातले हे रेणू आणि त्यांच्याबरोबर वाऱ्यानं उडत आलेलं वनस्पतींच्या पानांवरचं मेण तपासलं. समुद्राचं तापमान सुमारे १ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत वरच्या टोकाला होतं आणि मग उतरत गेलं. उतार लांबलचक, ८५ लाखांवर पायरी पडलेली नाही.

इथे साधनाचा स्वभाव ओळखायला हवा. अल्किनोनचा निर्देशांक २८-२९ अंशांच्या आसपास संपतो. त्याच्या वर पाणी कितीही तापो, आकडा तोच येतो. ताप मोजायचा पारा शेवटच्या रेषेला टेकून बसावा तसं. म्हणून त्याआधी समुद्र किती गरम होता आणि थंड होणं नेमकं केव्हा सुरू झालं, हे त्या आलेखातून काढता येत नाही. आणि २०१६ साली टिमथी हर्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या अल्किनोन नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा दिसलं, की ७० ते ५४ लाख वर्षांच्या दरम्यान दोन्ही गोलार्धांतले समुद्र थंड होत होते. मग ओमानसमोरच्या उतारातला किती हिस्सा स्थानिक वाऱ्याचा आणि किती साऱ्या जगाचा? माझ्या अंदाजानं, ७० लाखांनंतरच्या उताराचं श्रेय वाऱ्याला देताना हात आखडता घ्यावा.

हुआंग यांच्या कामातला दुसरा निष्कर्ष जास्त चटका लावणारा होता. पानांच्या मेणातल्या हायड्रोजननं सांगितलं, की सी-४ गवतं पसरली तेव्हा आसमंत कोरडा होत होता. ज्या गवताला पावसाळ्याची पहिली खूण मानलं होतं ते कोरडेपणाची खूण निघालं.

तिवईचे पाय

गवताचा पाय आधीच डळमळला होता. १९९७ साली सर्लिंग यांच्याच गटानं दाखवलं, की साधारण ८० ते ६० लाख वर्षांच्या टप्प्यात सी-४ गवतं आफ्रिकेत आणि अमेरिकेतही पसरली. तिकडे आपला मोसमी वारा जात नाही. कारण जागतिक असलं पाहिजे. त्यांनी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडकडे बोट दाखवलं. स्वतःच्या आठ वर्षांपूर्वीच्या निष्कर्षाला स्वतःच धक्का द्यायला जिगर लागते.

पठाराचा पाय २००३ साली गेला. रॉबर्ट स्पायसर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण तिबेटमधल्या पानांच्या जीवाश्मांवरून मांडलं, की तो भाग गेली दीड कोटी वर्षं जवळपास आजच्याच उंचीवर आहे. पुढे २०१० साली बूस आणि क्वांग यांनी संगणकावर पठार सपाट करून फक्त हिमालयाची भिंत ठेवली, तरी भारतीय मोसमी पाऊस बऱ्यापैकी तसाच पडला. उत्तरेची कोरडी थंड हवा अडवणं हे भिंतीचं काम पठाराच्या तापण्यापेक्षा महत्त्वाचं ठरलं.

उरलं कवच. त्यालाही शेजारून प्रश्न आला. साधारण ९० ते ४० लाख वर्षांच्या काळात हिंदी आणि प्रशांत महासागरांत, मोसमी वाऱ्याचा संबंध नसलेल्या ठिकाणीही, जैविक उत्पादकता वाढलेली दिसते. डिकन्स आणि ओवेन यांनी नव्वदच्या दशकात याकडे लक्ष वेधलं. म्हणजे महासागराच्या खतसाठ्याची वाटणीच तेव्हा बदलली असावी. हा मुद्दा नीट समजून घ्यावा असा आहे. वारा म्हणजे पंप. पंपानं विहिरीतलं पाणी उपसायचं. शेत हिरवं झालं म्हणजे पंप नवा बसवला असंच नाही. पंप जुनाच असून विहिरीच्या पाण्याचा कस वाढला असेल. ओमानसमोर वर येणाऱ्या पाण्याच्या खताचा बराच भाग दक्षिण महासागराकडून मधल्या खोलीतून वाहत येतो. तिकडे बदल झाला तर इकडे बुलॉइडिसची पंगत बसणार, वारा तसाच राहिला तरी.

आणि वारा जुना होता, असं सांगणारे पुरावे येत गेले. २०१५ साली मालदीवजवळ वेधन झालं आणि तिथल्या गाळातल्या प्रवाहांच्या खुणांवरून बेट्झलर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली लिहिलं, की आजच्या धर्तीचे मोसमी वारे १ कोटी २९ लाख वर्षांपूर्वी, तेही एकाएकी, सुरू झाले. अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी ७२२ मधले फोराम अधिक मागच्या काळापर्यंत मोजून त्याच सुमाराची तारीख काढली. जन्मतारीख ४४ लाख वर्षांनी मागे गेली, आणि तीही त्याच बोअरमधल्या, त्याच जातीच्या कवचांवरून!

क्रून चुकले होते का? मला नाही वाटत. त्यांनी मोजलेली उसळी जागच्या जागी आहे. आकड्याला लावलेलं नाव मात्र मोठं होतं. बुलॉइडिस फक्त एवढंच सांगत होता, की अमुक काळापासून ओमानसमोर वर्षातल्या काही महिन्यांत खायला भरपूर मिळू लागलं. त्याच्या तोंडी आधी ‘थंड पाणी’ घातलं गेलं, मग ‘वारा’, मग ‘पाऊस’, मग ‘तिबेट’.

वारा आणि पाऊस

यांतली ‘पाऊस’ ही पायरी आपल्याला सगळ्यात जवळची, आणि तीच सगळ्यात निसरडी. ओमानसमोर अपवेलिंग जोरात म्हणजे सह्याद्रीवर पाऊस जोरात, असं आपण सहज धरून चालतो. इझुमो आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं ते जवळपास उलटं आहे: उन्हाळ्याच्या सुरुवातीला पश्चिम अरबी समुद्रात अपवेलिंग कमी झालं की तिथलं पाणी उबदार राहतं, वाफ जास्त होते आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस वाढतो. म्हणजे कोकणातल्या भाताच्या रोपांना सलालाचा थंड समुद्र फारसा मानवत नाही. गाळातल्या बुलॉइडिसचा आलेख घेऊन त्यावरून दुष्काळ-सुकाळ वाचणाऱ्यांनी निदान हा एक शोधनिबंध शेजारी ठेवावा.

अलीकडच्या काळातही हीच गाठ बसली आहे. अँडरसन, ओव्हरपेक आणि गुप्ता यांनी २००२ साली ओमानसमोरच्या गाळावरून सांगितलं, की गेल्या चार शतकांत बुलॉइडिस, आणि म्हणून मोसमी वारा, वाढत आला आहे. उलट पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०१६ साली उपग्रह आणि प्रारूपांवरून मांडलं, की पश्चिम हिंदी महासागरातले वनस्पतिप्लवक गेल्या सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले. वरचं पाणी तापल्यानं थर पक्के झाले आणि खालचं खत वर येणं अवघड झालं. काळ वेगळे, मोजायची रीत वेगळी, त्यामुळे दोन्ही खरं असू शकतं. पण रॉक्सींचं म्हणणं बरोबर असेल तर वारा आणि उत्पादकता यांची जोडी आपल्या डोळ्यांदेखत फुटते आहे, आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या लोटणाऱ्यांना त्याची झळ शास्त्रज्ञांच्या आधी लागणार.

१९८७ च्या बोरांतला गाळ आज जपानमधल्या कोची प्रांतातल्या शीतगृहात आहे (केरळचं कोची नव्हे, दोघांच्या नावावरून टपालाचे घोळ होत असतील). प्रत्येक बोअर उभा चिरलेला: अर्धा भाग जपून ठेवायचा, अर्धा संशोधकांना वाटायचा. अर्ज पटला तर चमचाभर गाळ मिळतो. मला मिळाला तर मी ७२२ मधला १ कोटी ३० लाख ते ८० लाख वर्षांदरम्यानचा मागेन. टक्केवारी मोजायला नव्हे, ती दोनदा मोजून झाली. प्रत्येक थरातून थोडे रूबर कुळातले आणि थोडे बुलॉइडिस वेगळे काढून दोघांच्या तापमानातली तफावत बघायची. समुद्रातलं मॅग्नेशियम तेव्हा किती होतं याची चिंता तिथे बरीच कमी होते, कारण दोघंही त्याच पाण्यातले. तफावत १ कोटी २९ लाखांनाच मोठी असेल तर पंप तेव्हापासून चालू आहे आणि ८५ लाखांना फक्त विहिरीचा कस वाढला. ती ८५ लाखांना उघडत असेल तर क्रून यांची तारीख पुन्हा टेबलावर येईल. अडचण एकच: त्या खालच्या थरांत बुलॉइडिस फार थोडे आहेत, आणि ओठ तुटलेले फाल्कोनेन्सिस त्यांच्यात मिसळलेले असणार.